गादीवाफ्यातून वाडीत



वसंत ऋतूचे वर्णन आपल्या कवींनी जितक्या उत्साहाने केले आहे, तितक्या उत्साहाने पांढुर्णा-सौसरकडील बागाईतदार ते करील असे वाटत नाही. आंब्याला मोहोर येतो, पळस पेटल्यासारखा फुलतो, हे सारे खरे. परंतु त्याच सुमारास विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते आणि दुपारच्या वाऱ्याला कोरडेपणाची धार येते. आमच्याकडील वसंत म्हणजे थंडी आणि वैशाखवणवा यांच्यामधले एक अरुंद दार आहे. ज्यांना भाजीपाल्याची रोपे वाडीत लावावयाची असतील त्यांनी ते दार उघडे आहे तोवरच आत गेले पाहिजे. गादीवाफ्यात वाढविलेले रोप काढून त्याच्या कायमच्या जागी नेऊन लावणे, एवढ्या एकाच कामाविषयी आज बोलावयाचे आहे. खते कोणती, वाण कोणते, औषधे कोणती, याची चर्चा पुष्कळ होते. रोप एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते त्या दोनचार दिवसांत त्याच्यावर काय प्रसंग गुदरतो, याची चर्चा फारशी होत नाही. आणि पुष्कळशी रोपे दगावतात ती नेमकी त्याच दिवसांत.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाबरोबर गेले नाहीत. ते मध्य प्रदेशातच राहिले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून निघून त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा कागदावर कोठेही असली तरी सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन, संत्र्याच्या बागा, कपाशीची पऱ्हाटी आणि घरात बोलली जाणारी मराठी ही नागपूरकडच्यासारखीच आहेत. ह्या भागातील माणसाला रोप हलविण्याची विद्या नवीन नाही. जंभेरीचे रोप वाढवावयाचे, त्यावर संत्र्याचा डोळा बांधावयाचा आणि तयार झालेले कलम खड्ड्यात लावावयाचे, हे काम येथील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु संत्र्याचे कलम लावतात पावसाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा आकाश मदतीला असते; हवेत ओलावा असतो, ढग सावली धरतात, माणसाच्या हातून थोडी हयगय झाली तरी पाऊस ती सांभाळून घेतो. वसंतात लावलेल्या वांग्याच्या किंवा मिरचीच्या रोपाला असा कोणी पाठीराखा नसतो. जे काही करावयाचे ते लावणाऱ्यानेच केले पाहिजे आणि तेही मोजक्या पाण्यात. फेब्रुवारीत रोपाला घातलेले घागरभर पाणी हे पुढे मे महिन्यात घरात पिण्यासाठी पुरावयाच्या पाण्यातूनच घेतलेले असते. रोप मेले तर ते पाणीही गेले आणि उन्हाळ्याची भाजीही गेली, असा दुहेरी तोटा होतो. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

बागकामावरील इंग्रजी पुस्तके वाचून जे लोक परसबाग करावयास घेतात, त्यांची प्रथम एका गोष्टीत फसगत होते. त्या पुस्तकांतील वसंत निराळा असतो. तिकडे रोपाचा शत्रू थंडी. मध्य युरोपातील बागवान टोमॅटोची कोवळी रोपे मे महिन्याच्या मध्यापर्यंत बाहेर काढीत नाहीत. ११ ते १५ मे ह्या दिवसांत मामेर्टस, पँक्रस, सर्वेशियस, बोनिफेस आणि सोफिया ह्या संतांचे सण येतात. त्यांना तिकडचे शेतकरी 'बर्फाचे संत' म्हणतात आणि शेवटच्या सोफियेला तर जर्मन खेडुतांनी 'थंड सोफी' असेच नाव देऊन ठेवले आहे. ह्या दिवसांपर्यंत रात्री अवचित हिमकण पडण्याचे भय असते, ते संपले म्हणजे मग रोपे बाहेर. आमच्याकडे मे महिन्यातच, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला म्हणजे २५ तारखेच्या सुमारास, नवतपा सुरू होतो. तिकडे संकट टळण्याची वाट पाहतात, इकडे संकट येण्यापूर्वी काम उरकावे लागते. दोन्हीकडे शेतकऱ्याने पंचांगात एक रेघ ओढून ठेवली आहे. ती रेघ ओलांडल्यावर तिकडचे रोप सुरक्षित होते आणि आमचे असुरक्षित. तेव्हा त्या पुस्तकांतील 'ऊब मिळेल अशा जागी रोप लावावे' हा उपदेश येथे शब्दशः पाळला तर काय होईल हे सांगावयास नको.

मग आपली रेघ कोठे? टोमॅटोचेच उदाहरण घेऊ. (आमच्याकडील म्हाताऱ्या बायका अजून त्याला भेदरे म्हणतात आणि मला तो शब्द टोमॅटोपेक्षा अधिक रसाळ वाटतो.) रोप लावल्यापासून सुमारे महिन्याभराने त्याला फुले येतात आणि दोन ते अडीच महिन्यांनी फळे पिकावयास लागतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊन टिकले आणि रात्रीही उबदार होऊ लागल्या म्हणजे टोमॅटोच्या फुलातील पराग निकामी होऊ लागतात; फूल गळते, फळ धरत नाही. जवळच्या नागपूरकडे पाहिले तर मार्चच्या उत्तरार्धात पारा ३५ च्या पुढे सरकतो आणि एप्रिलच्या अखेरीस चाळिशी ओलांडतो. म्हणजे फुलांना जो काळ मिळावयाचा तो मार्च महिना. त्यातून महिनाभर मागे मोजले तर रोप जानेवारीच्या अखेरीस, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, जागेवर गेले पाहिजे. आणि टोमॅटोचे रोप वाफ्यात चार आठवड्यांचे व्हावे लागते, त्यामुळे बी पडावयास हवे ते नव्या वर्षाच्या आरंभीच. हा हिशेब इतका साधा आहे की शाळेतील पाचवीच्या मुलालाही तो फळ्यावर मांडता येईल. परंतु आपण बी आणावयास निघतो ते बहुधा महाशिवरात्र झाल्यावर, ऊन अंगाला जाणवू लागले म्हणजे.

वांग्याला टोमॅटोपेक्षा उष्णता अधिक सोसते. त्याचे रोप पाच आठवड्यांचे करून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत लावले तरी चालते. मिरचीचे बी आळशी असते. थंडीत त्याला उगवावयासच दहापंधरा दिवस लागतात आणि रोप व्हावयास सहा आठवडे, म्हणून तिचा वाफा सर्वांत आधी करावा. जानेवारीतील रात्री सातपुड्याच्या पायथ्याशी गार असतात. वाफ्यावर रात्री गवताचे किंवा प्लास्टिकच्या कागदाचे आच्छादन घालून सकाळी ते काढीत गेल्यास बी लवकर उगवते. मार्चचा मध्य उलटल्यावर मात्र टोमॅटोचे रोप लावण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना उशीर झाला असेल त्यांनी त्या जागेत गवार, चवळी, भेंडी टोकावी. त्यात कमीपणा काही नाही आणि उन्हाळ्यात ताटात काहीतरी हिरवे पडते.

वाफ्याविषयी थोडक्यात सांगतो. वाफा गादीसारखा उंच, वीतभर तरी असावा. रुंदी एक मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोहोचतो. ओळीत आणि विरळ बी टाकावे, वर चाळलेले शेणखत पसरावे आणि झारीने पाणी द्यावे. दाट बी पडले आणि पाणी अधिक झाले म्हणजे रोपे जमिनीलगत कुजून माना टाकतात. त्याला रोपे कोलमडणे म्हणतात. ही बुरशी ओलाव्यात आणि गर्दीत फोफावते. तिच्यावर विरळ पेरणी आणि पाण्याचा निचरा हा पहिला उपाय, ट्रायकोडर्मासारखी मित्र-बुरशी मातीत मिसळणे हा दुसरा, आणि औषधाची फवारणी त्यानंतरची. हल्ली पुष्कळजण बाजारातील रोपवाटिकेतून तयार रोपे आणतात. ९८ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या तबकात, नारळाच्या भुश्श्यात वाढविलेली ही रोपे मुळांच्या लहानशा गड्ड्यासह निघतात. त्यांचा मोठा लाभ कोणता ते पुढे मुळांविषयी बोलताना ध्यानात येईल.

रोप निवडताना होणारी चूक जवळजवळ सार्वत्रिक आहे. आठवडी बाजारात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या मांडलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक त्यांतली सर्वांत उंच, लुसलुशीत, गडद हिरवी जुडी उचलते. पैसे तेवढेच, मग मोठे रोप का घेऊ नये, असा आपला व्यवहारी विचार असतो. वास्तविक उंच रोप हे बहुधा गर्दीत, सावलीत, उजेडासाठी धडपडत वाढलेले असते. त्याचे खोड बारीक आणि पाणीदार असते. चांगले रोप बुटके असते. वीतभरापेक्षा थोडे कमी उंच, खोड पेन्सिलीहून बारीक पण हाताला टणक लागणारे, चार-पाच खरी पाने आलेली, आणि कळी मुळीच न धरलेली. ज्या रोपाला वाफ्यातच फूल आले आहे ते वयस्कर झाले असे समजावे. अशा रोपाची मुळे नव्या जागी हिंडावयास नाखूष असतात. पानांचा आकार लहान, कडा वर वळलेल्या, शेंडा आखडलेला दिसला तर ते रोप फुकट मिळाले तरी घेऊ नये. टोमॅटोतील पर्णगुच्छ आणि मिरचीतील चुरडा-मुरडा, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, हे रोग पुष्कळदा वाफ्यातूनच घरी येतात. पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी वाहते, म्हणून वाफ्यावर बारीक जाळीचे कापड लावून तिला पहिल्या महिन्यात दूर ठेवणे हे नंतरच्या दहा फवारण्यांपेक्षा हिताचे.

आता मुख्य भागाकडे येऊ.

रोप उपटले म्हणजे आपल्या हातात जी मुळे दिसतात त्यांनी रोप पाणी पीत नाही, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. पण ते बरेचसे खरे आहे. ही दिसणारी मुळे रोपाला उभे धरतात आणि पाणी वर पोहोचवितात. जमिनीतून पाणी शोषून घेण्याचे काम मुळांच्या टोकांशी असलेल्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंचे, मूलरोमांचे. ते इतके नाजूक असतात की मातीच्या कणांना चिकटलेले असल्यामुळे रोप ओढताच तुटून मातीतच राहतात. तेव्हा वाफ्यातून उपटलेले रोप म्हणजे तोंड नसलेला आणि तरीही घाम गाळणारा प्राणी होय. पानांच्या पाठीवर जी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात त्यांवाटे पाणी वाफ होऊन जातच असते. ऊन आणि कोरडा वारा असला तर ते अधिक वेगाने जाते. आत येण्याची वाट बंद, बाहेर जाण्याची उघडी. पाने लोंबतात ती ह्यामुळे. त्यानंतर रोप आपली छिद्रे मिटून घेते, म्हणजे घाम थांबतो, पण त्याबरोबर हवा आत घेणे आणि अन्न तयार करणेही थांबते. नवी मुळे आणि नवे मूलरोम फुटावयास साधारणतः तीनचार दिवस जातात. तेवढे दिवस रोप आपल्या खोडात साठविलेल्या शिदोरीवर जगते. ती शिदोरी संपण्यापूर्वी मुळे फुटली तर रोप जगले, नाही तर गेले. रोप लावण्याच्या कामातील यच्चयावत् नियम, संध्याकाळची वेळ, सावली, पाणी, मुळांना चिकटलेली माती, हे सारे एवढ्या एका शर्यतीत रोपाला मदत करण्यासाठी आहेत. तबकातील रोपाचा लाभ हाच की त्याच्या मुळांचा गड्डा न फुटता निघतो आणि मूलरोम पुष्कळसे शाबूत राहतात. बाजारातून उघड्या मुळांची जुडी भर दुपारी सायकलीच्या हँडलला टांगून आणणारा मनुष्य ती शर्यत घरी पोहोचण्यापूर्वीच हरलेला असतो.

शिदोरी भरून देण्याचे काम आठवडाभर आधी सुरू करावयाचे असते. वाफ्याचे पाणी सातआठ दिवस आधीपासून कमी करीत जावे. रोप सुकू द्यावयाचे नाही, पण त्याचे लाडही पुरवावयाचे नाहीत. पाण्याची ओढ बसली म्हणजे रोपाची वरची वाढ मंदावते, खोड टणक होते, पानांवरील मेणचट थर जाड होतो. वाफ्यावर जाळीची सावली असेल तर तीही ह्या दिवसांत रोज थोडी थोडी काढून रोपाला उन्हाची ओळख करून द्यावी. ह्याला रोप काटक करणे म्हणता येईल. थंड देशांतही हेच करतात. तेथे काचेच्या पेटीतील रोप रोज काही तास बाहेरच्या गारव्यात ठेवतात. आमच्याकडे ते उन्हासाठी करावयाचे. मात्र काढण्याच्या दिवशी सकाळी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे. त्यामुळे माती मऊ होते, मुळे कमी तुटतात आणि रोप पोटभर पाणी पिऊन प्रवासाला निघते. आठवडाभर उपवास आणि प्रयाणाच्या दिवशी भोजन, असा हा क्रम आहे. तो उलटा करणारे लोकच अधिक भेटतात.

जागेची तयारी करताना आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखून वागावे लागते. नभोवाणीवरील शेतीविषयक भाषणांत 'मध्यम, पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी' हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मंगलाष्टकासारखे पाठ झाले आहे. परंतु ज्याच्या घरामागे काळीच जमीन आहे त्याने जमीन निवडावयाची कोठून? काळी माती ओली असताना हाताला चिकटते, दाबली तर विटेसारखी घट्ट होते आणि वाळली म्हणजे तडकते. तडकताना तिच्यातील कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. म्हणून तीत रोप लावावयाचे ते वाफसा आल्यावर, म्हणजे मूठभर माती दाबली असता तिचा गोळा होईल पण टिचकी मारताच तो फुटेल अशा वेळी. सपाट वाफ्यापेक्षा सरीच्या बगलेत लावलेले रोप बरे. पाणी खालून सरीतून जाते, मुळांना ओल मिळते आणि खोडाभोवती चिखल साचत नाही. प्रत्येक रोपाच्या जागी दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत मातीत कालवावे. अर्धवट कुजलेले घातले तर ते मातीत तापते आणि वाळवीही बोलावते. अंतर टोमॅटोला दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर, वांग्याला त्याहून थोडे अधिक. लावताना जागा फार मोकळी वाटते आणि मधे आणखी एकेक रोप खुपसण्याचा मोह होतो. तो मोह एप्रिलमध्ये पाण्याच्या रूपाने फेडावा लागतो.

लावणी संध्याकाळी, सावल्या लांब झाल्यावर सुरू करावी. सकाळी लावलेल्या रोपाला पहिल्याच दिवशी संपूर्ण दुपार काढावी लागते. संध्याकाळी लावलेल्याला आधी एक अखंड रात्र मिळते आणि त्या रात्रीत ते थोडे सावरते. ज्यांचा ह्यावर विश्वास नसेल त्यांनी, आणि शाळांतील मुलांकडून तर अवश्य, एक ओळ सकाळी आणि एक ओळ संध्याकाळी लावून आठव्या दिवशी जिवंत रोपे मोजून पाहावीत. खुरप्याने रोप मातीसकट उचलावे, शेंड्याला धरून ओढू नये; धरावयाचेच तर पानाला धरावे. पान फाटले तर दुसरे येते, खोड चेपले तर दुसरे खोड येत नाही. काढलेली रोपे ओल्या फडक्याखाली ठेवावीत आणि एका वेळी लागतील तेवढीच बाहेर घ्यावीत. किती खोल लावावे, हे पिकावर अवलंबून आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावरही मुळे फुटतात, म्हणून ते खालच्या पानांपर्यंत खोल पुरले तर फायदाच होतो. उंच वाढलेले रोप असेल तर खोड आडवे निजवून शेंडा तेवढा वर ठेवावा. मिरची आणि वांगे वाफ्यात होते तितक्याच खोलीवर लावावे. मुळे वर वळलेली राहू नयेत. माती भरल्यावर दोन बोटांनी हलकेच दाबावी, म्हणजे मुळांभोवती हवेची पोकळी राहत नाही. पायाने दाबू नये, विशेषतः काळ्या जमिनीत. लगेच तांब्याभर पाणी खोडाजवळ सावकाश ओतावे.

सर्वच भाज्या हा प्रवास सोसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुळा आणि गाजर यांचे मूळ हेच आपले अन्न. ते हलविले की वाकडे होते किंवा दुभंगते. भेंडी, गवार, चवळी यांचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि तुटल्यावर नीट सावरत नाही, म्हणून त्यांचे बी जागच्या जागी टोकलेले बरे. दोडके, कारले, काकडी, ढेमसे ह्या वेलांचीही मुळे हळवी. त्यांची रोपे करावयाची तर मातीच्या पिशवीत करावीत आणि दोनतीन पाने येताच, बारापंधरा दिवसांच्या आतच, पिशवी उभी चिरून गड्डा न मोडता आळ्यात ठेवावीत. पिशवी नसली तर पळसाच्या पानांचा द्रोण पुरतो. लावताना त्याचा तळ फाडून द्रोणासकट पुरला तरी चालते.

पळसाचा उपयोग पुढेही आहे. लावणीनंतरचे तीनचार दिवस दुपारच्या उन्हापासून रोपाला आडोसा द्यावा लागतो. ज्यांनी हिरवी जाळी आणली असेल त्यांनी ती बांधावी. नसेल त्यांनी पळसाची किंवा सागाची मोठी पाने दुमडून रोपाच्या नैऋत्य बाजूस खोचावीत. दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडवा मांडवही चालतो. आडोसा रोपाला चहूकडून कोंडणारा नसावा आणि सूर्य कलल्यावर तो बाजूस करावा, कारण रात्रीचा गारवा आणि दव हे रोपाला मिळालेच पाहिजे. पाचव्या दिवसानंतरही सावली तशीच ठेवणाऱ्यांची रोपे जगतात, पण लांब मानेची आणि दुर्बळ होतात. सावली ही काठी आहे, पाय नव्हेत.

पाण्याच्या बाबतीत आपल्या जुन्या शेतकऱ्यांचा शब्द फार नेमका आहे: आंबवणी. लावणीच्या वेळचे पाणी पहिले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यावयाचे हलके पाणी ते आंबवणीचे. त्या दोहोंच्या मधे दिवसातून तीनदा झारी फिरविणाऱ्या माणसाचे प्रेम मी समजू शकतो. पण मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते आणि सतत चिखलात राहिलेल्या मुळांना नवे तंतू फुटत नाहीत. रोपाला खरोखर पाणी हवे आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दुपारी दोन वाजता पाहू नका. त्या वेळी धडधाकट रोपही पाने लोंबवून उभे असते. तो त्याचा स्वसंरक्षणाचा मार्ग असतो. सकाळी सहा वाजता पाहा. रात्रभर विसावा घेऊनही पाने लोंबलेलीच असतील तर ते तहानलेले आहे, किंवा मुळाशी काही बिघडले आहे. बोट मातीत दोन पेरे खुपसून त्यांतले कोणते ते ठरवावे. माती ओली आणि पाने मलूल, असे असेल तर पाणी मुळीच घालू नये.

रोपाने नवे पान काढले की ते लागले असे समजावे. मग त्याच्या भोवती कुटाराचा किंवा वाळल्या गवताचा तीन-चार बोटे जाड थर पसरावा, खोडापासून थोडा दूर. काळ्या जमिनीत ह्या आच्छादनाचे मोल पाण्याइतके आहे. भेगा पडत नाहीत आणि दोन पाण्यांतील अंतर वाढविता येते. वेलांच्या आळ्यात एक कच्चे, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवले तर पाणी वाया न जाता मुळाशी झिरपत राहते. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी रोपांना अवश्य घालावे. साबणाचे किंवा सोड्याचे घालू नये, काळी जमीन त्याने अधिकच घट्ट होते. जाम नदी ज्या उन्हाळ्यांत आटते त्या उन्हाळ्यांत घरातील बायकांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. परसातील चार वांग्यांचे पाणी त्या आंघोळीच्या बादलीतून मोजून काढतात. तेव्हा लावणीच्या वेळीच विचारावयाचा प्रश्न हा की मे महिन्यात आपल्या घरी किती रोपांना पाणी पुरेल? वीस रोपांना पुरणार असेल तर चाळीस लावून वीस वाळू देण्यापेक्षा वीसच लावावीत, आणि उरलेल्या जागेस ह्या वर्षी विश्रांती द्यावी. मुलांच्या नावे एकेक रोप वाटून दिले तर ही संख्या आपोआप आटोक्यात राहते आणि सकाळी सहाची पाहणीही होते.

कितीही काळजी घेतली तरी शंभरातली काही रोपे जातातच. म्हणून वाफ्यातील सगळी रोपे एकदम काढू नयेत. दहावा हिस्सा मागे ठेवावा आणि त्याला जेमतेम पाणी देत राहावे. लावणीनंतर सातव्या-आठव्या दिवशी ओळीतून फिरून जेथे जेथे रोप गेले असेल तेथे नांगे भरावेत. दहा दिवसांनंतर भरलेल्या रोपाला त्याचे शेजारी उजेड आणि पाणी मिळू देत नाहीत, ते खुरटते. तेव्हा त्यापुढे भरू नये. नांगे भरून झाले की वाफ्यात उरलेली रोपे शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावीत आणि त्यांतूनही उरतील ती त्याच दिवशी उपटून पुरून टाकावीत. कोणाचे लक्ष नसलेला जुना वाफा ही पांढऱ्या माशीची आवडती जागा असते आणि तेथून आपल्या नव्या ओळीपर्यंत यावयास तिला फार उडावे लागत नाही.